धरणात दिसणारा फोन

वायफायची दुखणी निषाद चुटकीसरशी बरी करायचा, पण धाकट्या भावाच्या या फोनने त्याला जेरीस आणलं. शेखरने हौसेने घेतलेला लिनक्सवर चालणारा फोन. वायफाय तोडायला पाठीवर खरंखुरं बटण. गेल्या वर्षी शेखर मुळशीच्या धरणात पोहायला उतरला आणि परत आला नाही. गळ्यातल्या जलरोधक पिशवीतला फोन तेवढा काठाला लागला. आई अजून त्याचं ताट वाढते. तो कुठे बुडाला हे फोनमधून कळलं तर पाणबुडे उतरवता येतील, एवढीच निषादची आशा होती.

भर दुपारी तो धरणाकाठच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला. फोन वायफाय पकडत नव्हता आणि जीपीएसचा ठिपका धरणाच्या मधोमध. निषादने उपग्रहांची जुनी माहिती पुसली, फोन उघड्या अंगणात ठेवून पाहिला. ठिपका ढिम्म हलेना. त्याचा स्वतःचा फोन मात्र बरोब्बर ओटा दाखवत होता.

घर सांभाळणाऱ्या इंदूबाई दारात थबकल्या. "दादा, पान्याकडनं हाक आली तर ओ देऊ नका. पान्यातल्यास्नी दोनच हाका मारता येत्यात. तिसरी आली तरच मानूस समजायचं."

"फोन दुरुस्त करतोय, इंदूबाई. हाका कसल्या!"

"करा. म्या च्या टाकते."

एकेक गोष्ट बंद करून बघायची, ही त्याची पद्धत. त्याने पाठीवरचं बटण दाबून वायफाय तोडलं.

तेवढ्यात त्याच्या स्वतःच्या फोनवर अक्षरं उमटली: 'शेखरला जोडायचं आहे. परवानगी?'

त्याने बटण तपासलं. बंदच होतं. अक्षरं विझली.

ती पुन्हा उमटली. शेखर! विचार करायच्या आत बोटाने 'हो' दाबलं होतं.

शेखरच्या फोनवरचा ठिपका हलला. पाण्यातून काठाला आला, अंगण ओलांडून ओट्यावर थांबला.

"जमलं!" निषादला रडूच आलं.

मग त्याने आपला फोन पाहिला. त्यातला ठिपका धरणाच्या मधोमध होता.

पायांना गार लागलं. त्याने मान वर केली.

घर लांब, काठावर होतं. ओट्यावर त्याच्याच खुर्चीत कुणीतरी फोनवर वाकून बसलं होतं.

"इंदूबाई!"

त्या चहा घेऊन बाहेर आल्या. पाण्याकडे बघत राहिल्या.

"इंदूबाई, मी इथे आहे!"

त्यांनी कप खुर्चीतल्या माणसापुढे ठेवला. पाण्यावरून त्यांचा आवाज स्पष्ट आला.

"दादा, ओ देऊ नका. दोन झाल्या."

निषादने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. पाणी आत आलं.