मधल्या पेरावरची कडी

बोट दुखत होतं, एवढंच. दुपारचे तीन वाजलेले, पेशंट संपलेले, म्हणून म्हटलं फोटो काढून घेऊ. एक्स-रे विभागात नोकरी करण्याचा तेवढाच फायदा.

नवरा जाऊन पाच महिने झाले होते. आदल्या रविवारी मी लग्नाची अंगठी काढून सासूबाईंच्या हातावर ठेवली. कामावरच्या कोटाला तर माझं लग्नाआधीचं नाव आधीच लावलं होतं.

"वर्षाच्या आत आमच्या घरात कुणी काढली नाही," त्या म्हणाल्या.

"तुमच्या घरात कुणी कमावलंही नाही, आई."

अंगठी डबीत गेली, डबी कपाटात, किल्ली त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवसापासून बोट ठणकायला लागलं. "काढलीस ना? भोग आता," त्या म्हणाल्या. मला त्यांच्यापुढे फोटो आपटायचा होता. सूज, चीर, काहीही चाललं असतं. माझं बोट माझंच आहे, एवढं दाखवायचं होतं.

"अंगावर धातूचं काही?" आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी काचेआडून विचारलं. हाच प्रश्न मी दिवसातून चाळीसदा विचारते.

"काळीज तेवढं लोखंडाचं."

"ते आपल्या फोटोत येत नाही गं."

टेबल थंडगार होतं. यंत्र घरघरलं, थांबलं. काचेआडून बाईंचा आवाज आला.

"अगं, अंगठी काढ की."

मी हात वर केला. बोट रिकामं, मुळाशी नुसता फिकट वळ.

पडद्यावर माझी हाडं होती, आणि अनामिकेच्या मधल्या पेरावर एक पांढरीशुभ्र कडी.

"यंत्राचंच काही बिघडलं असेल..." बाई पुटपुटल्या. दुसरा फोटो घ्यायला त्या पुन्हा काचेआड गेल्या. खोलीत मी एकटी. हात पसरला, आणि त्यावर ऊब आली... पाच महिन्यांत माझा हात कुणी हातात घेतला नव्हता.

दुसऱ्या फोटोत कडी बोटाच्या मुळाशी होती. काढताना अंगठी वर सरकते. ही खाली आली होती, कुणी घालताना येते तशी.

मी घरी फोन लावला. "आई, ती डबी उघडा."

"आता काय गं?"

"उघडा आधी."

किल्ली वाजली. कपाट करकरलं.

"आहे की इथेच." मग त्यांनी ती हातात घेतली असावी. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "पण अगं... ही गरम कशी? अजून कुणाच्या बोटात असल्यासारखी..."

तेव्हा लक्षात आलं, माझं बोट दुखायचं थांबलं होतं.