तीन सीट कमी

माझे सासरे ग्यानोबा यांनी सगळा जन्म लाइनमन म्हणून काढला, आणि त्यांच्याच घरात रोज संध्याकाळी सातपासून अंधार. यावर आमच्याकडे कुणी हसत नाही. मी एकदा हसले होते.

२००६च्या जानेवारीतली रात्र. हिंगोलीत कडाक्याची थंडी होती. आमचं पाच महिन्यांचं बाळ दोन दिवसांपासून खोकत होतं आणि मी त्याचे श्वास मोजत होते. मिनिटाला पन्नासच्या आत असले तर काळजी नाही, असं पुस्तकात होतं. माझ्या मोजणीत कधी अडतीस भरायचे, कधी एकावन्न.

"दवाखान्यात जाऊ या का?" मी नवऱ्याला विचारलं.

"पाच मिनिटं," प्रज्ञेश म्हणाला. "लाईट येऊ दे, मग जाऊ."

मामा, म्हणजे माझे सासरे, कंदिलाची वात सारखी करत होते. त्यांचा हात थांबला.

"पाच मिनिटं म्हणू नको रे."

नणंद ज्योती लगेच पांघरूण घेऊन पुढे सरकली. "भुताची गोष्ट हाय ना, बाबा?"

"आपण भूत मानत न्हाई. मीबी मानत न्हाई. नरसिंग मिस्त्रीनं मला जे सांगितलं ते सांगतो. झोपायचं त्यानं झोपावं."

कुणी झोपलं नाही.

"मी तवा साखऱ्याला व्हतो. गावाच्या टोकाला नरसिंगचं पत्र्याचं शेड. डिझेल इंजिनावर त्याच्यासारखा हात त्या भागात दुसऱ्याचा न्हवता. गावात एकच जीप, शिवशंकरची काळीपिवळी. साखरा ते सेनगाव सीट वाहायची. तिचं इंजिन जाम झालं. नरसिंगनं सगळं खोललं. बोर केलं, पिस्टन नवे, रिंगा नव्या. सहा दिवसांनी इंजिन बांधून झालं. सतरा डिसेंबर अठ्ठ्याण्णव. गुरुवार. दुसऱ्या दिवशी अमावस्या.

"दिवेलागणीला शिवशंकर आला. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण पकडंना. काळजी कुणालाच न्हवती. नरसिंग म्हणला, 'नवी नवरी हाय, लाजून राहिली.' शिवशंकर हसला.

"आठ वाजता त्याची बायको आशाबाई आली. कडेवर आठ महिन्यांची पोरगी. अंगात ताप, आन् छाती भात्यावानी उडून राहिलेली. 'हिला सेनगावला न्यावं लागते,' म्हणली, आन् जीपच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. सुरू झाली की निघता यावं म्हणून. तेवढ्यात शेजारचा उकंडराव फटफटीवर सेनगावलाच निघाला व्हता. म्हणला, 'वहिनी, बसा माझ्या मागं.' शिवशंकर म्हणला, 'थंडीत लेकरू उघड्यावर कशाला? पाच मिनिटांत सुरू होते गाडी.'

"उकंडराव गेला. त्याच्यामागं त्या रस्त्यानं रातभर काही गेलं न्हाई."

मामांनी माझ्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. बेचाळीस.

"नरसिंग काम बराबर रीतीनं करायचा. शेडमधी बल्ब व्हता, त्या रात्री लाईट गेली न्हवती. लाइनमन म्हणून सांगतो. बॅटरी नवी. मग पहिलं डिझेल. नळीत हवा अडकली की इंजिन पकडत न्हाई. त्यानं नट ढिला केला, हातपंप मारून बुडबुडे काढले. साफ डिझेल आलं. सेल्फ मारला... न्हाई.

"तेवढ्यात जीप मागून कुर्र करून खाली बसली. जाडजूड माणूस चढल्यावर स्प्रिंगचे पाटे वाजतात, तशी.

"आशाबाई आतून म्हणली, 'कोण बसलं?'

"'कुणी न्हाई,' शिवशंकर म्हणला. 'तू लेकराला झाक.'

"मग इंजिनाच्या डोक्यावरचे पाईप ढिले करून पाहिले. चारीमधून डिझेल उडत व्हतं. साडेदहा वाजले. सेल्फ... न्हाई. पुन्हा कुर्र. नरसिंगनं वाकून पाहिलं. आशाबाई कोपऱ्यात सरकली व्हती. शेजारी जागा करून दिल्यावानी.

"मग पुढचं कव्हर खोललं. आतल्या चाकांच्या खुणा समोरासमोर पाहिजेत, तर इंजिन चालतं. व्हत्या. रेघेला रेघ. कव्हर बसवेपर्यंत एक वाजला. पोरीचा आवाज आता शेडभर ऐकू येऊन राहिला व्हता. शिट्टीवानी.

"'नरसिंगा, अजून किती वेळ?' शिवशंकरनं विचारलं.

"'पाच मिनिटं,' नरसिंग म्हणला. आन् म्हणताच त्याच्या अंगावर काटा आला."

"काहून?" ज्योतीनं हळूच विचारलं.

"हेच शब्द त्यानं त्याच जागी ऐकले व्हते. श्रावणात. तांड्यावरची जमनाबाई आलती, कडेवर पोरगं. त्याच्या डोक्याला हिरवी कुंची, आरशाची भिंगं लावलेली. छाती अशीच उडत व्हती. जीप शेडपुढंच सीट भरायची, ती जाऊन बसली. पण भरल्याशिवाय गाडी हलवायची न्हाई, हा शिवशंकरचा कायदा. तीन सीट कमी व्हत्या. 'पाच मिनिटं बाई. तीन सीट आल्या की निघालो.' ती म्हणली, 'दादा, लेकरू श्वास घेईना.' तो म्हणला, 'मग त्याची अर्धी सीट धरू का?' शेडमधले सगळे हसले. नरसिंगबी हसला.

"अडीच तास बसली बाई. तिसरी सीट आली तवर..."

कंदिलाची काच तडतडली.

"पुरायला नरसिंगच गेला. खड्डा त्यानंच केला. कुंचीसकट ठेवलं पोराला."

मी बाळाचं टोपडं सैल केलं. मग पुन्हा घट्ट केलं.

"तर, एक वाजलेला. नरसिंगनं डोकं शांत केलं. इंजिनाला दोनच गोष्टी लागतात. डिझेल आन् हवा. डिझेल पाहिलं. हवा... पाहिलीच न्हाई. ज्या तोंडानं इंजिन हवा ओढतं, त्याच्यावर तळहात धरला. 'मार सेल्फ.' इंजिन फिरलं. हाताला ओढ लागली न्हाई.

"इंजिनाला श्वासच न्हवता.

"नरसिंगला वाटलं, सापडलं. इंजिन खोललं की भोकांत नट पडू नये म्हणून तो चिंध्यांचे बोळे कोंबायचा. चार भोकं, चार बोळे. मोजून कोंबायचे, मोजून काढायचे. त्याला वाटलं, एक राहिला. पण डिझेलच्या डब्यात चारी बोळे पडलेले दिसत व्हते. चार.

"त्यानं हवेची नळी काढली. आत बोटं घातली. मऊ लागलं. ओलं.

"ओढलं.

"हिरवं... भिंगं...

"माती लागलेली. हनवटीखालची गाठ... तशीच. बांधलेली."

मामांनी कंदील जवळ ओढला.

"मागं तिसऱ्यांदा कुर्र झालं.

"शिवशंकरनं सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात पकडलं. एवढं गोड इंजिन नरसिंगनं जन्मात बांधलं न्हवतं. शिवशंकर ओरडला, 'आशे, झालं! निघालो!'

"शिट्टी बंद झाली व्हती. आशाबाई पोरीच्या नाकाशी बोट धरून बसली व्हती. तशीच बसून म्हणली...

"'आता कशाची घाई? सीट भरल्या.'"

मी उभी होते. कधी उठले, ठाऊक नाही. प्रज्ञेशनं स्कूटरची किल्ली घेतली होती. लाईट आलेली नव्हती.

डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली. साधा खोकला. "आई जरा जास्तच वाचते," ते प्रज्ञेशला म्हणाले, आणि तो हसला. मीही हसले. हसायला माझं काही जात नाही.

घरी आलो तेव्हा मामा जागेच होते.

"मामा, त्या कुंचीचं काय केलं नरसिंगनं?"

"डिझेलच्या डब्यात टाकली, बोळ्यांसंगं. सकाळी पाहिलं तर डब्यात चारच."

"मग पाचवी कुठं गेली?"

"त्यानं कधी शोधली न्हाई. दुसऱ्या दिवसापासून पान्याला हात लावला न्हाई त्यानं. झोप पोरी."

झोपण्याआधी मी बाळाचे लंगोट धुऊन आतल्या दोरीवर टाकले. सहा. सकाळी काढले तर सात निघाले. मी मोजण्यात चुकते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. अडतीस आणि एकावन्न म्हणणारी बाई मीच. म्हणून पुन्हा मोजले. मग ज्योतीला मोजायला लावले.

सात.

सहा कोरडे होते. सातव्याला डिझेलचा वास येत होता.