पहिला नंबर, पण हळू

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी उद्या सकाळी सापडायची नाही.

माझी नात दर वर्षाच्या शेवटी एक यादी करते. वर्षभरात आवडलेल्या दहा तबकड्या. त्यांना गाणी म्हणायचं म्हणजे कमालच! एकीत कुणी बाई नुसती श्वास घेते. दुसरीत चाळीस मिनिटं फ्रीज घरघरतो आणि ही डोळे मिटून म्हणते, "आजी, दुसरी बाजू जास्त खोल आहे गं." आमचा फ्रीज फुकटात घरघरतो, त्याचं काही कौतुक नाही!

ही यादी ती सुंदर अक्षरात लिहून तबकड्यांच्या दुकानाच्या काचेवर लावते. पाच वेळा ऐकल्याशिवाय एकही तबकडी यादीत घ्यायची नाही, हा तिचा नेम. तिच्यासारखीच चार वेडी माणसं त्यावर विश्वास ठेवतात.

यंदा चिकटपट्टी धरायला मला नेलं. शेवटचा कोपरा चिकटतोय, तोच मागून कुणी असा उसासा सोडला की काच धुरकटली.

"पहिला नंबर... 'वर्षातली सगळ्यात संथ, सगळ्यात दुखरी तबकडी'? संथ?"

नात वळली. उंच पोरगा, खांद्याला हत्यारांची पिशवी, नखांत ग्रीस. डोळे मात्र... असो.

"हो, संथ. काही अडचण?"

"अहो, ती उड्या मारते!"

"ऐकलीत तरी का तुम्ही?"

"मीच केलीय."

लिफ्ट दुरुस्त करायचा हा. जाईल तिथल्या लिफ्टची दारं, घंटा, खडखडाट टिपून ठेवायचा, त्याची तबकडी केलेली. तीस काढल्या, चार खपल्या. त्यातल्या तीन त्याच्या आईने घेतल्या.

"पाच वेळा ऐकलीय मी," नात फणकारली. "घरी चला, दाखवते."

म्हटलं, झालं! आता सहाव्यांदा.

घरी तो प्लेअरपाशी वाकला आणि कपाळावर हात मारला. वेगाचा खटका 'हळू'वर. तबकडी जलदची.

"मी जलदवर केला होता!" नात ओरडली. "पहिल्याच दिवशी!"

"धूळ पुसताना फडक्याने सरकला असेल गं," मी म्हटलं.

त्याने जलदवर लावली. टणटण, धडाड, टणटण! खिडकीतल्या दोन चिमण्या चक्कर येऊन पडल्या.

"कशी वाटली?"

"उत्साही... आहे."

"खरं सांगा."

"नाही आवडली!"

तो मटकन खुर्चीत बसला. "काय वैताग आहे! जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या कामाला चांगलं म्हटलं, तर ते कौतुक खटक्याचं. काढा ती यादीतून."

नातीचा चेहरा एवढासा झाला. "काढते. पण... एकदा हळूवर ऐका. माझ्यासाठी नको. त्या घंटेसाठी."

पाय आपटत ऐकायला बसला. लिफ्टचं दार असं मिटत होतं, जसं कुणी निघताना उंबऱ्यात रेंगाळावं. मग घंटा वाजली. लांबून, ओढत, कुणी हाक मारल्यासारखी. त्याचा पाय थांबला.

"ही... बाबा ज्या हॉस्पिटलात होते ना, तिथली लिफ्ट," तो हळूच म्हणाला. "शेवटचे दोन महिने. तबकडीत तिचा आवाज मी मुद्दाम जलद केला होता. थांबलो असतो तर—"

"मला कळलं होतं," नात म्हणाली. "कुणाचं ते नव्हतं माहीत. पण कुणाचं तरी आहे, एवढं कळलं होतं."

"तू—"

"आता 'तू' का?"

"पाच वेळा माझं रडू ऐकलंस... आता 'तुम्ही' कसं म्हणू?"

मी चहाचं निमित्त केलं. चहाला चांगला तासभर लावला.

संध्याकाळी दोघं दुकानात गेली. यादीत पहिला नंबर तसाच ठेवून खाली एक ओळ वाढवली: 'हळू लावा.' चिकटपट्टी धरायला यावेळी मला कुणी बोलावलं नाही.

आता दर रविवारी येतो. दोघं हातात हात घालून माझा फ्रीज ऐकतात. भाजी काढायला दार उघडलं की म्हणतात, "श्शू!" माझ्याच घरात!

असो. सगळं खरं आहे. फक्त ते फडक्याचं तेवढं मी रचून सांगितलं. धूळ मी कधी पुसते? जलदच्या तबकड्यांनी माझं डोकं उठतं, म्हणून खटका मीच सरकवला होता.

चिमण्या मात्र खऱ्या.