दुपारचा पाल्याचा चहा

मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या की भाची त्या स्वतःच पोचवायची. तिचं औषधांचं दुकान होतं आणि मावशीशिवाय तिला जवळचं कोणी नव्हतं. त्या दुपारी मात्र दारातच तिच्या मनात पाल चुकचुकली. मावशी खुर्चीत मान टाकून बसली होती.

"दिव्याभोवती पिवळं कडं दिसतं गं," मावशी म्हणाली. "आणि अन्नावर वासनाच नाही."

भाचीने तिचं मनगट धरलं. नाडी अगदी सावकाश चालत होती, मधूनच एखादा ठोका गाळत होती. तिपाईवर रिकामा कप होता. तळाशी हिरवट गाळ, वास भिजलेल्या पाचोळ्याचा.

"काय प्यायलीस हे?"

"पाल्याचा चहा. रोज दुपारी घेते. झाडपाला तो, त्याने काय होतंय?"

हे वाक्य दुकानात ऐकून ऐकून भाचीचे कान किटले होते. आज मात्र तिने ते हसण्यावारी नेलं नाही. ती तडक स्वयंपाकघरात गेली.

फळीवर काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची, बरणी होती. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं, तरी बरणी काठोकाठ भरलेली. काका परसातला खोकल्यावरचा पाला फुलं यायच्या आत खुडायचे. कोवळा पाला कडू लागत नाही, अशी त्यांची फुशारकी होती. भाचीने पानं ताटात ओतली. बरीचशी सरळ कडांची होती, पण मधूनमधून दातेरी कडांचीही होती. कुंपणापाशी घंटेसारखी जांभळी फुलं येणारं शोभेचं झाड होतं, ही दातेरी पानं त्याची. फुलं नसताना दोन्ही झाडं जुळ्या बहिणींसारखी दिसतात. मात्र या शोभेच्या झाडाचं विष थेट हृदयावर जातं आणि वाळवून, उकळूनही मरत नाही.

काका खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते. हृदय थांबलं, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. भाचीने ताट दूर सारलं.

दारात मावशीची सोबतीण येऊन उभी होती. काकांच्या मागे मावशीजवळ राहायला ठेवलेली ही बाई चालताना पायांचा आवाज करत नसे, आणि भाचीला ती कधीच रुचली नव्हती.

"चहा तुम्हीच करता ना?"

"मी नुसता कप विसळते." बाईचा आवाज खाली गेला. "मला वाटायचं, आजीच करतात... पण त्यांना तर खुर्चीतून उठवत नाही."

"मग कोण करतं?"

"कप भरलेला असतो. गरम असतो... मी विचारणं सोडलंय."

भाचीचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. तिने बरणी रिकामी केली, झाड मुळासकट उपटलं, सोबतिणीला निरोप दिला. मावशीला आधी हॉस्पिटलात आणि मग आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी नेलं. तिथे साधी कुंडीसुद्धा नव्हती. भाची तिला पाणीही स्वतःच्या हाताने द्यायची. हळूहळू नाडी सुधारली, मावशी चार घास जेवू लागली.

एका दुपारी भाची दुकान लवकर बंद करून घरी आली. कुलूप उघडताना आतून चमचा ढवळल्याचा आवाज आला... अगदी सावकाश. दार लोटताच भिजलेल्या पाचोळ्याचा वास आला.

मावशी खुर्चीत बसली होती. तिपाईवर दोन कप होते आणि दोन्हींतून वाफ निघत होती.

"तुझं सांगितलं मी ह्यांना," मावशी जराशी लाजत म्हणाली. "म्हटलं, पोर दिवसभर राबते... तिच्यासाठीही ठेवत जा."

पडदे ओढलेले होते; भाचीने चाचपडत दिवा लावला. दिव्याभोवती पिवळं कडं होतं. आणि तिने तर अजून कपाला हातही लावला नव्हता.