जागेवर न ठेवलेले दगड

म्हाताऱ्या वाटाड्याच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. खिंडीखालच्या दगडी उतारावर डोंगरी साप किती उरलेत, ते मोजायला सापांचा अभ्यास करणाऱ्या बाई दोन वर्षांनी पुन्हा आल्या. सोबत दोघेच, हा वाटाड्या आणि दोर सांभाळणारा त्याचा मेहुणा.

दगड उचलायचा, साप चिमट्यात धरायचा, खूण म्हणून पोटाखालचं एक खवलं कापून सोडून द्यायचा. पुढच्या खेपेला खुणेचे किती आणि कोरे किती निघतात, त्यावरून एकूण अंदाज बांधायचा.

तीन दिवसांत नऊ साप सापडले. आठ खुणेचे!

"म्हणजे नवे जवळजवळ नाहीतच," बाई म्हणाल्या. "रोग असणार. ही गाभण मादी खाली नेऊ. तिला कापूनच बघावं लागेल."

वाटाड्याने उलट्या पडलेल्या दगडांवरून नजर काढली. मागच्या खेपेला घाईघाईत त्याने उचललेले दगड जागेवर ठेवलेच नव्हते. त्यांच्याखालीच तर साप हिवाळा काढतात!

"दाजी, तोंड का पाडलंत? चावला की काय?" मेहुण्याने विचारलं.

"गप चल."

मादीची पिशवी घेऊन ते निघाले, तोच गारा कोसळू लागल्या. उताराच्या मध्यावर मेहुण्याच्या पायाखालचा सुटा दगड सरकला. मग दुसरा. मग सगळा उतारच घरंगळला! मेहुणा कमरेपर्यंत गाडला गेला.

"दाजी, दोर!"

मेहुण्याच्या खांद्यावरून निसटलेला दोर वाटाड्याने उचलून त्याच्याकडे फेकला. खडकाला वेढा दिला. ओढला. तळहात सोलले. पुन्हा ओढला! मेहुणा सुटला.

कपारीत तिघे धापा टाकत बसले. वाटाड्याला मान वर करवेना.

"बाई, रोगबिग काही नाही. दगड मी उलटे टाकून गेलो होतो. आडोसा गेला, थंडीने पिल्लं मेली."

"आणि आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं, तर पुन्हा बोलावलं असतंत का?"

 बाईंनी पिशवीची गाठ सोडली. मादी सळसळत भेगेत शिरली.

"मोजणी बंद. दगड लावा."

"घ्या! मरता मरता वाचलो, आता गवंडीकाम!" मेहुणा कुडकुडत हसला. कपडे निथळत होते.

"तुम्ही खाली जा," बाई त्याला म्हणाल्या.

"राहू दे त्याला," वाटाड्या म्हणाला. "मला एकट्याला हे दगड उचलणार नाहीत."

दोन दिवस, भुरभुरत्या बर्फात, त्यांनी एकेक दगड जागेवर बसवला.

घरी परतल्यावर नवव्या दिवशी मेहुणा न्यूमोनियाने वारला.