पहिल्या चौकोनापाशी थांबणारा आवाज

टक्...

"मदत."

"पहिली ओळ... दुसरी ओळ... तिसरी ओळ..."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला आता बरीच वर्षं झाली. हालडिस नावाच्या बाईचा आवाज. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कॉफीचा कप खाली ठेवून तिने ते शब्द म्हटले आणि मी ते रेकॉर्ड केले.

पुढे लिहितेय ते जसं घडलं तसंच. कोणी विश्वास ठेवावा म्हणून नाही. मला ते एकटीला बाळगवत नाही म्हणून.

जागा नॉर्वेच्या उत्तरेकडची. सेन्या बेटावरचं मासेमारांचं एक लहानसं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. महिना डिसेंबर. रात्र कुठली विचाराल, तर दुपारची. डिसेंबरात इथे सूर्य उगवतच नाही. जेवणाच्या वेळीही खिडकीबाहेर मिट्ट काळोख असतो.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

ज्यांना हात, पाय, जीभ कशाचीच साथ उरलेली नाही, अशा माणसांना मी बोलायची सोय करून देते. पडद्यावर अक्षरांचा कीबोर्ड असतो. त्यावरून उजेडाची एक चौकट ओळीमागून ओळ सरकत जाते. हवी ती ओळ आली की माणसाने बटण दाबायचं. मग चौकट त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून सरकते. पुन्हा बटण. एक अक्षर मिळालं. जात्याच्या फेरीत मूठमूठ दाणा पडावा तसं एकेक अक्षर पडत जातं, आणि खूप वेळाने एक वाक्य दळून निघतं.

ओडमुंड हा हालडिसचा नवरा. जन्मभर समुद्रावर राहिलेला. पक्षाघाताने त्याचं सगळं नेलं, एक उजवा अंगठा तेवढा ठेवला. त्या अंगठ्याखाली मी बटण बसवलं. डोळे लवकर थकायचे, म्हणून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज लावला. यंत्रातला ओस्लोच्या बोलीतला तयार आवाज ऐकून त्याने जे पहिलं वाक्य लिहिलं ते असं, "ही ओस्लोवाली बाई माझ्या घरात नको."

म्हणून हालडिसचा आवाज.

"म्हणजे मी मेल्यावरही याच्यावर ओरडत राहणार?" तिने विचारलं होतं.

"ओरडायचं नाही हो. नुसतं वाचायचं."

"संसाराची सवय आहे, वृंदा. वाचलं तरी ओरडल्यासारखंच येणार."

पहिला चौकोन होता 'मदत'. तो दाबला की शेजारच्या स्वेरेच्या घरी फोन वाजायचा. त्या चौकोनावर चौकट मी इतर ओळींपेक्षा जरा जास्त थांबवली होती. अडचणीतल्या माणसाचा अंगठा उशीर करतो, म्हणून. हालडिसने तो शब्द म्हणायच्या आधी कप खाली ठेवला. टक्... तेही रेकॉर्ड झालं.

मी म्हटलं, "हे काढून टाकते."

"राहू दे," ती म्हणाली. "त्याला कळेल, मी बसलेय इथे."

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. ओडमुंड रुसला की बटण दाबायचाच नाही. आधी रुसला की बोट काढून समुद्रावर जायचा. आता त्याच्याकडे रुसायला एवढं एकच उरलं होतं. चौकट रिकामी फिरत राहायची. मदत, पहिली ओळ, दुसरी ओळ... आणि हालडिस आतून ओरडायची, "फिरू दे! दमशील तेव्हा दाबशील!"

मी हसायचे. नवराबायकोचा अबोला सगळीकडे सारखाच.

दोन हिवाळ्यांपूर्वी हालडिस गेली.

घरामागे बोटीच्या खोपटाकडे जाणारी उतरती वाट आहे. तिथे बर्फाचा काचेसारखा थर धरतो. ती बुटांना बर्फावरचे काटे न लावताच बाहेर पडली, घसरली, कंबर मोडली. घराच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर ती पडून होती... थंडीने तिचं सगळं आटोपेपर्यंत.

घरात ओडमुंड होता. पण ती सापडल्यावर स्वेरे धावत आत आला, तेव्हा बटण अंगठ्याखालून निसटून पांघरुणावर पडलेलं होतं. त्या सकाळी ते त्यांच्या मुलीने बसवलं होतं. इंगुन तिचं नाव. बसवलं आणि ती फेरीबोट गाठायला निघून गेली.

नीट बसवलं नाही. सगळ्यांनी तेच मानलं.

कोणी तिला बोल लावला नाही. तिनेच लावून घेतला. बर्गनमधलं घर, नोकरी, सोबतीचा माणूस, सगळं सोडून ती बापाची सेवा करायला परत आली. प्रायश्चित्त म्हणा. नाताळच्या आधी इथे प्रत्येक खिडकीत कागदी तारा लागतो. तिच्या खिडकीत तो पुन्हा लागला नाही.

यंदा तिचा फोन आला. ओडमुंडचा अंगठाही आता विझत चालला होता. गालाच्या हाडापाशी एक स्नायू अजून हलत होता, तिथे नवं बटण हवं होतं.

"आणि ते यंत्र अडकतं गं," ती म्हणाली. "पहिल्या चौकोनावर थांबतं. पुढे जातच नाही."

"तार सैल असेल."

तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"नवं यंत्र आण. आवाजही दुसरा आण. मला आईचा आवाज सोसत नाही आता. बाबांना विचारू नकोस."

फेरीच्या धक्क्यावर स्वेरे गाडी घेऊन आला. जाडजूड, बडबड्या माणूस. गाडीत माशांचा आणि ओल्या लोकरीचा वास.

"ओडमुंडची बोट माझ्याकडेच आहे, माहीत आहे ना?" तो म्हणाला. "हालडिसने विकली मला. त्याला न विचारता. म्हातारा असा रुसला होता की विचारू नकोस! मी म्हटलं, हालडिस, आता हा तुझ्याशी जन्मभर बोलायचा नाही."

तो हसला. मग हसू मध्येच गिळलं.

"त्यानंतर दोनच दिवसांनी ती गेली."

वळणावर त्याने गाडी हळू केली. ओडमुंडचं घर दिसत होतं. एका खिडकीत दिवा, तारा नाही.

"मी आत येत नाही हं," तो म्हणाला. "सामान दारात ठेवतो."

"का? कॉफी नाही घेणार?"

"त्या घरात कॉफी मी घेत नाही. कपाचा आवाज होतो."

मला वाटलं, थट्टा करतोय.

ओडमुंड खिडकीपाशी खुर्चीत होता. खूप खंगला होता. मला पाहून डोळे वर केले. त्याचा 'ये पोरी' असायचा तो. मी जुनं यंत्र बंद केलं, त्याची बॅटरी काढून माझ्या कोटाच्या खिशात टाकली, यंत्र बाहेर बुटांशेजारी ठेवलं. नवं लावलं. गालापाशी बटण बसवलं, इतकं हलकं की पापणीच्या ओझ्यानेही दबेल. नवा आवाज एका पुरुषाचा, कोरडा.

ओडमुंडने तो ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

"सवय होईल, बाबा," इंगुन म्हणाली. "आज कॉड उकडलाय, काळजासकट. तुमच्यासाठी बारीक करून देते." आणि ती लाकडं आणायला बाहेर गेली.

मी वेग तपासत बसले. मदत... पहिली ओळ... दुसरी ओळ... सुरळीत चाललं होतं. फेरी पुरी झाली. चौकट पुन्हा वर गेली.

पहिल्या चौकोनावर थांबली.

थांबलीच...

मी वेग पाहिला. मी लावला होता तोच होता. बटणाची तार उपसली. चौकट जागची हलली नाही.

घरात अगदी शांत होतं. चुलीतलं लाकूडही तडतडेना.

आणि मग...

टक्.

मी स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. टेबल रिकामं. त्यावर कप नव्हता. इंगुन बाहेर होती.

"मदत."

हालडिस.

या यंत्रात तो आवाज नव्हता. मी घातलाच नव्हता. खिशात हात घातला. जुन्या यंत्राची बॅटरी माझ्या बोटांना लागली... थंडगार.

मी नवं यंत्र बंद केलं. पडदा काळा झाला. त्यात माझा चेहरा दिसला, आणि माझ्यामागे खुर्चीतला ओडमुंड.

टक्...

"मदत."

काळ्या पडद्यातून.

वळायची हिंमत होईना. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून, खोपटाच्या वाटेवरून...

"ओडमुंड..."

तोच आवाज. पण हा कोणी रेकॉर्ड केलेला नव्हता. याला धाप होती. याच्याखाली बर्फ होतं.

"ओडमुंड... अरे ए ओडमुंड..."

आत, "मदत."

बाहेर, "ओडमुंड..."

बाई एकच. एकाच वेळी दोन्हीकडे. आतली विचारत होती आणि बाहेरची हाक मारत होती, आणि दोघींच्या मध्ये एक लाकडी भिंत.

मी ओडमुंडकडे पाहिलं. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. कोपऱ्यातून पाणी वाहत होतं.

पण तो दचकलेला नव्हता.

हे त्याला नवं नव्हतं...

दार उघडलं. लाकडांचा भारा छातीशी धरून इंगुन उभी. चेहरा पांढराफटक.

"तुलाही?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

लाकडं तिच्या हातातून गळून पडली. "अगं, दोन हिवाळे ऐकतेय. वाटायचं, माझ्याच डोक्यात आहे. माझं पाप बोलतंय." ती खुर्चीपाशी खाली बसली, बापाचा निर्जीव हात तिने कपाळाला लावला. "बाबा, मी घाईत होते. मी बटण नीट ठेवलं नाही. तुम्ही पडल्या पडल्या तिची हाक ऐकत राहिलात, आणि हाताशी काही नव्हतं. माझ्यामुळे. मला माफ नका करू, पण एकदा तसं म्हणा तरी. शिव्या द्या. काहीतरी बोला."

बाहेरची हाक थांबली.

ओडमुंडने डोळे उघडले. आधी लेकीकडे पाहिलं. खूप वेळ. मग त्या काळ्या पडद्याकडे.

मी तार पुन्हा जोडली. यंत्र सुरू केलं.

चौकट चालू लागली. पण तो वेग माझा नव्हता. ती प्रत्येक ओळीवर त्याच्या श्वासाइतकी थांबत होती. गालात बळ गोळा होईपर्यंत थांबायची, मगच सरकायची. त्याला फार जुनं ओळखणाऱ्या कोणीतरी शेजारी बसून, त्याचं तोंड बघत ओळी म्हणाव्यात, तशी. आणि कोरडा पुरुषी आवाज कुठेच नव्हता. कुणाचाच आवाज नव्हता.

तो लिहीत राहिला. कॉड चुलीवर थंड झाला.

त्याने काय लिहिलं ते शेवटी सांगते. ते सांगून झालं की मला पुढे काही बोलवणार नाही, म्हणून नंतरचं आधी सांगते.

वाचून इंगुन उठली, आणि बाहेर गेली. बुटांना काटे न लावता. खोपटाच्या वाटेवर ती काळोखात उभी राहिलेली मला खिडकीतून दिसत होती. मी हाक मारली नाही. ती परत आली तेव्हा तिच्या पापण्यांवर दव गोठलं होतं. बापाकडे न बघता ती माळ्यावर गेली, कागदी तारा शोधून आणला, खिडकीत टांगला, दिवा लावला. मग खुर्चीपाशी आली. त्याच्या गालापाशी बटण जरासं सरकलं होतं. तिने ते नीट केलं. बोटाने दाबून, पुन्हा पुन्हा तपासून नीट केलं.

एक शब्दही बोलली नाही. बर्गनला परत गेली की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही.

त्या नव्या यंत्राच्या जागी दुसरं बसवून मी ते आणून खोलून पाहिलं. त्यात हालडिसचा आवाज नाही. कधी नव्हताच. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, पण त्यातही आता एक फरक आहे. पहिल्या शब्दाआधी नुसती शांतता आहे. कप ठेवल्याचा आवाज गेलाय.

तो कुठे गेला, याचा मी विचार करत नाही. करायचा नाही असं ठरवलंय. पण अजूनही कोणाच्या घरी नवा कीबोर्ड लावताना चौकट पहिल्या चौकोनावर आली, की माझे कान आपोआप स्वयंपाकघराकडे लागतात...

तर, ओडमुंडने जे लिहिलं. दोन हिवाळे जे त्याने अंगठ्याखाली दाबून ठेवलं होतं. जसं एकेक अक्षर पडलं, तसंच देते.

इंगुन. तू बटण नीट ठेवलं होतंस.

ते नंतर मी ढकललं. ती सापडल्यावर स्वेरे आत आला तेव्हा.

ती हाक मारत होती. मला ऐकू येत होतं. यंत्रही तिच्याच आवाजात विचारत होतं. मदत. मदत.

पण माझा अबोला होता.

म्हटलं, एक फेरी जाऊ दे.