धुऱ्यावरची मारवेल

ईश्वरदासाची काठी रामलालच्या डोक्यात बसली आणि पोळ्यासाठी सजवलेले बैलसुद्धा बिचकले. डोळ्यात रक्त ओघळलं तरी रामलालने उलटा टोला हाणलाच. ईश्वरदासाचं मनगट टम्म सुजलं. ऐन सणाच्या दिवशी केशोरीत हा तमाशा! मोठ्यांना लाज कशी वाटत नाही, देव जाणे.

भांडण होतं गवताचं. ईश्वरदासाची प्रेमिला, तिचा भाऊ सुकराम आणि शेजारच्या रामलालचा मुन्नालाल यांनी भाताच्या बांदीच्या धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, मारवेल पेरली होती. एकदा धरली की दरसाल फुटणारी, बैलांच्या आवडीची. ताजं बी उगवत नाही, म्हणून पोरांनी ते वर्षभर गाडग्यात जपलं, शेणमातीत कालवलं आणि न पुरता नुसतं भुरभुरलं. बोटभर रोपं आली होती. पोरं वसतिगृहातून सुटीला घरी येतात तो धुरा उघडाबोडका! रामलालच्या बैलाने चरलं, असं ईश्वरदासाने परस्पर ठरवून टाकलं.

"पायच तोडतो त्या बैलाचे!" म्हणत तो कुऱ्हाडीसाठी घरात धावला. सुकरामने बाहेरून कडी घातली. आतून दारावर घाव बसू लागले, फळ्या चिरू लागल्या. मुन्नालाल बैलाच्या गळ्याला बिलगून राहिला आणि प्रेमिला धुऱ्याकडे पळाली.

ओल्या चिखलात खुराचा एकही ठसा नव्हता. बैल शेंडे खातो, मुळं जागेवर राहतात. इथे तर मुळांसकट उपटलेलं! कोपऱ्यात निंदनाचा, उपटलेल्या तणाचा, ढीग होता. तिने तो उपसला. आत मारवेलीची रोपं निघाली, मुठीमुठीने ठेवलेली.

ती परतली तेव्हा दार फुटलं होतं. कुऱ्हाड वर गेली होती आणि मुन्नालाल बैलासमोर उभा होता. प्रेमिलाने रोपं बापाच्या तोंडासमोर धरली.

"बाबा, बैल का मुठी करून ठेवते? कायले मारून राहिले त्याले?"

परसातल्या चुलीपाशी राबणारी शकुंतलाबाई, प्रेमिलाची आई, दारात आली. रोपं पाहून तिचा चेहरा उतरला. "हे तं मीच निंदलं. तुमीच तं म्हनले, सनाच्या आंधी धुरा साफ कर."

कुऱ्हाड खाली आली. डोक्यात हळद भरलेला रामलाल म्हणाला, "तुह्या पोरीनं माहा बैल वाचवला, ईश्वरदास. नाहीतर आज मीबी तुले सोडलं नसतं."

मुळं अजून ओली होती. भाताच्या रोवणीसारखीच ती रोपं पुन्हा धुऱ्यावर लागली. सुजल्या हाताने ईश्वरदासही लावत होता.

संध्याकाळी त्याने पहिली पुरणपोळी रामलालच्या बैलापुढे धरली. बैल मागे सरला. मुन्नालालने ईश्वरदासाच्या हाताखाली आपला हात धरला, तेव्हा कुठे बैलाने ती खाल्ली.